पाच टोकनं, चार नाकं

"व्हरांड्यात साहेबाच्या कानाशी काही बोलू नकोस," आत्याने मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. "नाकाला जे लागलं ते खोलीत बोल, सगळ्यांच्या देखत, मोठ्यांदा. कानात सांगितलंस की ते त्याचं झालं. तुझं नाही राहिलं."

मी हो हो म्हणून सोडून दिलं. वाटलं, बाई आयुष्यभर एकाच खोलीत बसलीय, कुरकुर करणारच.

आत्या माझ्या नात्यातली नव्हे. कारखान्यात तिला सगळेच आत्या म्हणायचे, तिच्याच वयाचा पहारेकरीसुद्धा. आम्ही दोघी वास घेणाऱ्या. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग आपल्या काखेकडे बघतात. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी अगदी निरागसपणे विचारलं होतं, "म्हणजे रसायनशास्त्राची पदवी घेऊन तू डबे हुंगतेस?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आमचा कारखाना तान्ह्या मुलांसाठी दुधाची पावडर बनवतो. पावडरीतला ओलावा, चरबी, जंतू हे सगळं यंत्रं मोजतात. पण पावडर खराब व्हायच्या आधी तिच्यात एक बारीकसा वास शिरतो. कधी ओल्या पुठ्ठ्यासारखा, कधी जुन्या तेलासारखा खवट. तो यंत्राच्या आधी नाकाला कळतो. म्हणून पाच जणांची वासाची खोली. प्रत्येकाला लाकडी आडोशाचा वेगळा खण, डोक्यावर लाल दिवा, म्हणजे दुधाचा रंग दिसून मन फिरायला नको. समोरच्या भिंतीला स्टीलचा पत्रा आणि त्यात एक झडप. झडपेतून कोमट दुधाचा कप आत येतो. हुंगायचं, जिभेवर थेंब घ्यायचा, थुंकायचं आणि टोकन टाकायचं. चांगलं असेल तर पांढरं, वास असेल तर काळं. पाचही खणांतली टोकनं एकाच पेटीत पडतात. कुणाचं कुठलं ते कुणालाच कळत नाही. दोन काळी निघाली तर बॅच थांबते. एकच निघालं तर ते धरत नाहीत. एखाद्याला सर्दी असेल, एखादी घरून भांडून आली असेल.

मी रुजू झाले तेव्हा टोकनांनंतर आणखी एक गोष्ट व्हायची. खोलीचं दार उघडायच्या आधी पाचही जण खणांतून बाहेर येऊन उभे राहायचे आणि आपापल्या तोंडाने सांगायचे, मला अमुक वास आला. सुरुवात आत्याची, कारण ती सगळ्यात जुनी. मी नवी, लाजरी. माझी पाळी आली की म्हणायचे, "आत्या म्हणते तसंच." मग आत्याला मोठा ताप आला, ती पुष्कळ दिवस घरी होती, आणि ती परतली त्याच सुमारास आमच्या साहेबांनी ही पद्धत बंद करून टाकली. वेळ वाचतो म्हणे. मला हायसं वाटलं होतं.

साहेबांचं खरं नाव सांगायची गरज नाही, खोलीत त्यांना अत्तरसाहेब म्हणत. आम्हाला तेल, पावडर, वासाचा साबण, जेवणात कांदा, सगळ्याला बंदी. मी तर बाळाला अंगावर पाजत होते तेव्हा दोन-दोनदा कपडे बदलून आत जायचे. तरी शेजारच्या खणातला चष्मेवाला म्हणायचाच, "आज नमुना झडपेतून येतोय की शेजारून?" आणि स्वतःच्याच विनोदावर खिंकाळायचा. शिसारी यायची. पण हे साहेब मात्र सकाळी आले की आधी अत्तर यायचं, मागून ते. ते गेल्यावरही व्हरांड्यात ते अत्तर एखाद्या न जाणाऱ्या पाहुण्यासारखं बसून राहायचं. वासाच्या विभागाचा प्रमुख हा!

आत्या होती तोवर मला एक समाधान होतं. मी काळं टाकलं की पेटीत दोन काळी निघायचीच. बाकी तिघांना काही लागो न लागो, आत्याला लागायचंच. मला वाटायचं, या अख्ख्या इमारतीत माझ्यासारखं एक तरी नाक आहे. आम्ही कधी बोललो नाही यावर, पण बाहेर पडताना ती माझ्याकडे बघून जराशी मान हलवायची. तेवढं मला पुरत होतं. घरी काय सांगणार? माझ्या कामाचा पुरावा हाच, की काहीही झालं नाही. कुठलंच बाळ आजारी पडलं नाही. "काहीच झालं नाही" याबद्दल कोण कुणाची पाठ थोपटतं?

मग आत्या निवृत्त झाली. तिला कंपनीचं चिन्ह असलेलं भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि अत्तरसाहेबांनी भाषणात तिचं नाव चुकवलं. तिच्या जागी एक मुलगी आली, तिच्या लांब वेणीमुळे आम्ही तिला वेणी म्हणतो.

त्यानंतर पहिल्यांदाच माझं काळं एकटं पडलं.

पुठ्ठ्याचा वास होता. स्पष्ट. पावसात भिजलेलं खोकं माळ्यावर महिनाभर विसरावं तसा. आणि पेटीत चार पांढरी. बॅच पास. ते डबे उद्या गाड्यांत चढणार, परवा दुकानात, आणि आम्हाला घरी फुकट मिळणारे डबे त्याच बॅचमधले, म्हणजे माझं पिल्लू तेच पिणार. मी व्हरांड्यात अत्तरसाहेबांना गाठलं आणि हळू आवाजात सांगितलं. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." त्यांनी बॅच बाजूला ठेवली. महिनाभरात तिच्यातले डबे उघडून बघितले तर आतलं वेष्टनच सदोष निघालं. पावडर पार खवट झाली होती. मालक खूश, कंपनीची अब्रू वाचली.

आणि सत्कार झाला. कुणाचा ते कळलंच असेल.

त्या कार्यक्रमाच्या आठवणीने मला आजही मळमळतं. वरच्या मजल्यावरची मोठी खोली, बंद खिडक्या, ओळीने मांडलेल्या खुर्च्या, टेबलावर मलईचा केक, आणि त्या मलईला माझ्या नाकाने लांबूनच "शिळी" म्हणून सांगितलेलं. अत्तरसाहेब सत्काराची ढाल घेऊन उभे. म्हणतात, "त्या दिवशी व्हरांड्यातून चाललो होतो आणि माझ्या नाकाला काहीतरी खटकलं." नाकाला! ज्या माणसाला स्वतःच्या अत्तरापलीकडे वीस वर्षांत कसलाही वास आला नसेल, त्याच्या नाकाला खटकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हात आपोआपच वाजले, आणि नंतर त्या हातांचीच किळस आली. खाली जाऊन मी ते धुतले, बिनवासाच्या साबणाने, दोनदा. साहेबांनी स्वतःच्या हाताने केकचा तुकडा दिला आणि म्हणाले, "तुम्ही लोक आहात म्हणून आम्ही आहोत हो." 'तुम्ही लोक.' तो तुकडा मी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो भांडी पुसत होता.

"मग तू उभी राहून बोलायचंस की तिथेच."

"भर कार्यक्रमात?"

"नाहीतर सोडून दे. नाकावर माशी बसू देत नाहीस आणि तोंडाने बोलत नाहीस. कसं चालायचं?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "जाऊ दे गं, बॅच थांबली ना? नातवंडाच्या पोटात गेलं नाही ना? झालं तर."

त्यांचं खरं होतं, म्हणूनच राग आला. 'जाऊ दे' हे बाईच्या कामाला मिळणारं एकमेव बक्षीस असावं. मी गेले आणि पिल्लाच्या मानेत नाक खुपसून पडून राहिले. तेवढा एकच वास त्या दिवसांत मला सोसायचा.

बाकी सगळ्याची शिसारी बसली होती. बसमधल्या दांड्याला लागलेला माणसांचा घाम, कॅन्टीनमधली ओली फडकी, नवऱ्याच्या मोज्यांचा ढीग, आणि लिफ्टमध्ये उरलेलं ते अत्तर. जेवण घशाखाली उतरत नव्हतं. पिल्लाचं दूध कालवताना मी पुन्हा पुन्हा हुंगायचे, टाकून द्यायचे, दुसरं कालवायचे. सासूबाई बघत राहायच्या. एकदा म्हणाल्या, "अगं, त्याला भूक लागलीय. त्याला तुझ्या नाकाचं काय करायचंय?" मी मनाशी ठरवून टाकलं. पुढच्या वेळी गप्प बसायचं. काळं टाकायचं, आपलं काम तेवढं. एकटं पडलं तर पडलं. साहेबाचं नाक आहे ना ढाल मिळालेलं? बघू दे त्याला.

पुढची वेळ फार लांब नव्हती.

तोच वास. आधीपेक्षा पुसट, पण तोच पुठ्ठा, मागे जराशी खवट कड. लाल दिव्याखाली मी कप तीनदा उचलला. काळं टाकलं. बाहेर आल्यावर पेटी उघडली, चार पांढरी, एक काळं. चष्मेवाला म्हणाला, "कोण आहे बाबा हा काळूराम? दर वेळी एकच." वेणीने खाली बघितलं. बॅच पास झाली. गाड्या दुसऱ्या दिवशी दुपारी निघणार होत्या.

अत्तरसाहेबांच्या केबिनचं दार उघडंच होतं. त्यांनी मला बघून मान वर केली. आवाज आपोआप मऊ झाला होता त्यांचा, सावज दिसल्यावर मांजराचा होतो तसा. "काही सांगायचंय का?"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं, काळूराम कोण ते. कान पुढे करूनच बसले होते.

"नाही," मी म्हटलं आणि पुढे गेले. चांगलं ठणकावलं असं वाटायला हवं होतं. पण डोळ्यांसमोर ढाल नव्हती, डबे होते, आणि डब्यावर छापलेलं ते हसरं बाळ. साहेबांच्या कानात सांगवत नव्हतं, न सांगताही राहवत नव्हतं. मला फक्त दुसरं नाक हवं होतं. एक माणूस, जो म्हणेल, 'हो गं, आहे वास.' मग मी दोन नाकांच्या जोरावर काहीही केलं असतं.

मी नमुन्यातली चिमूटभर पावडर झाकणाच्या छोट्या डबीत घेतली, पर्समध्ये टाकली आणि सासूबाईंना फोन केला.

"मला जरा उशीर होईल. आत्याकडे जाऊन येते."

"कुठली आत्या? तुला आत्या कुठेय?"

"कारखान्यातली हो. तुम्ही पिल्लाला भरवाल ना? नवीन डबा उघडू नका. जुन्यातलंच द्या."

"दोन मुलं वाढवलीत मी," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आत्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. लग्न केलं नाही, भाऊ दूरदेशी. दुसऱ्या मजल्यावरच माझे पाय थांबले. कुजका वास. गोडसर, जड, घशाला चिकटणारा. वर जावं तसा वाढत गेला. आत्याच्या समोरच्या दारातून एक बाई डोकावली, नाकाला पदर.

"तिच्याकडे आलात? सांगा तिला जरा. किती दिवस झाले. आम्ही खिडक्या लावून बसतो."

"तुम्ही नाही सांगितलंत?"

"कसं सांगणार? एवढी शिकलीसवरलेली बाई. आता वय झालं की होतं असं माणसाचं. स्वच्छता जाते." आणि दार लागलं.

आत्याने दार उघडलं. घर मात्र लख्ख होतं. पांढऱ्या चादरीला एक सुरकुती नव्हती. भिंतीवर कंपनीचं घड्याळ. आत्या इस्त्रीच्या साडीत, वेणीफणी केलेली, मला बघून इतकी खूश की मला लाज वाटली. "ये, ये. अगं, किती वाळलीस! बाळ कसंय? बस. चहा टाकते."

त्या वासात ती हसत होती. वाटलं, चहा होईपर्यंत श्वास तोंडाने घ्यावा. तिने चहा आणला. कपावर दुधाचे बारीक तुकडे तरंगत होते, आंबूस वाफ माझ्या चेहऱ्यावर आली. ती स्वतःचा कप घेऊन समोर बसली आणि मजेत घोट घेतला.

मी घाईघाईने डबी काढली. "आत्या, एक काम आहे. याचा वास घे. तू म्हणालीस तर मी उद्या लढते."

तिने डबी हातात घेतली, झाकण उघडलं, नाकाखाली धरली, जुन्याच ऐटीत, डोळे अर्धवट मिटून. पण डोळे पुरते मिटले नव्हते. ती डबीकडे बघत नव्हती. माझ्या नाकाकडे बघत होती.

"खराब आहे," ती म्हणाली.

"कसला वास?"

"तोच आपला नेहमीचा."

"नेहमीचा म्हणजे कुठला, आत्या?"

तिने झाकण लावून डबी खाली ठेवली.

"आत्या, तुझ्या घरात आत्ता कसला वास येतोय?"

तिचा कप बशीत वाजला. तिने घाबरून इकडेतिकडे बघितलं, जशी एखादी आंधळी बाई अचानक झालेल्या आवाजाकडे तोंड फिरवते. मग पुन्हा माझ्या चेहऱ्याकडे. "येतोय का?" तिने विचारलं. "खूप येतोय?"

मी मान हलवली.

"त्या तापात गेलं," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाला, येईल हळूहळू. आलंच नाही."

"त्या तापात? पण त्यानंतर तू कितीतरी काम केलंस."

"केलं."

"आणि टोकनं?"

तिने हात मांडीवर ठेवले. "समोर स्टीलचा पत्रा आहे ना, झडपेचा. आडोसा त्याच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून माझ्या खणातून त्यात तुझा चेहरा दिसायचा. लाल दिव्यातही दिसायचा. वास लागला की तुझ्या नाकपुडीवर, इथे डावीकडे, एक सुरकुती पडते. बारीक. तुला ठाऊक नसेल. ती पडली की मी काळं टाकायचे. नाही पडली तर पांढरं." ती थोडंसं हसली. "एकदाही चुकली नाहीस बघ. असं नाक मी उभ्या जन्मात पाहिलं नाही."

ज्या शब्दांसाठी मी एवढे दिवस तडफडत होते ते शब्द हे. कारखान्यात कुणीच माझ्याकडे बघत नाही म्हणून मी रडत होते, आणि एक माणूस रोज, कप आला की, डोळ्यांत तेल घालून फक्त माझ्याकडेच बघत होतं. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही असेल कुठेतरी. पण आधी मी हिशेब करायला लागले. म्हणजे त्या पेटीत दोन काळी निघत होती तेव्हाही ती एकाच नाकाची होती. मी ज्याला माझी जोडीदार समजत होते तो माझाच आरसा होता. टोकनं पाच, नाकं चार. आणि त्या पेटीवर भरवसा ठेवून मुलांच्या पोटात दूध जात होतं. मला एखाद्या दिवशी खरंच सर्दी झाली असती तर?

"आणि ते तोंडाने सांगणं," मी म्हटलं. "ते का बंद झालं?"

"त्याने बंद केलं."

"तू काही नाही बोललीस?"

"सुरुवात माझी असायची गं. सगळ्यांच्या आधी मला सांगावं लागलं असतं कसला वास आहे ते. काय सांगितलं असतं मी?" तिने पदराने नाक पुसलं. "त्याने विचारलं होतं मला, आत्या, हे बंद केलं तर चालेल का म्हणून. मी म्हटलं, चालेल की, वेळ वाचेल."

मी उठले. बेसिनवर गेले आणि जे काही पोटात होतं ते तिथे काढलं. ती मागे येऊन पाठीवरून हात फिरवू लागली. मी तो हात झटकला. एकाने व्हरांड्यात माझं नाक चोरलं होतं, दुसरीने पत्र्यात बघून. फरक एवढाच, की हिने त्यावर सत्काराची ढाल मिळवली नव्हती. हिची नोकरी गेली असती तर घर चालणार नव्हतं, हे कळत होतं मला. कळणं वेगळं आणि किळस वेगळी. किळस कळण्याची वाट बघत नाही.

तोंड धुतलं, आणि तेव्हा सवयीनेच माझं नाक कामाला लागलं. तो वास कुठून येतो? बेसिन नाही, कचऱ्याचा डबा नाही, फ्रिजच्या आतही नाही, जरी आत दूध फाटलं होतं आणि बटाट्याच्या भाजीवर लव धरली होती. फ्रिजच्या मागे. मी तो ओढला. आत्या म्हणत होती, "राहू दे गं, तू कशाला?" मागे उंदीर होता. कधीतरी मेलेला, फुगून फुटलेला, जमिनीला चिकटलेला, वळवळणाऱ्या अळ्यांनी हलणारा. वर्णन करत नाही. केलंच की.

मी हाताला पिशवी बांधली, जुन्या कागदाने तो खरवडून काढला. आत्या दाराशी उभी राहून रडत होती, आणि रडता रडता विचारत होती, "किती दिवसांचा असेल? सगळ्या जिन्यात येत असेल का गं? म्हणूनच ती समोरची बोलत नाही वाटतं." आणि त्या वासाखालून, उंदीर पिशवीत बंद झाल्यावर, मला दुसरा वास लागला. मी शेगडीपाशी गेले. मागच्या बर्नरचं बटण अर्धवट फिरलेलं. चहाच्या वेळी हात लागला असेल. ज्योत नाही, नुसता गॅस.

बटण बंद केलं. खिडक्या उघडल्या. तिला सांगितलं तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली.

"मला वाटलं, घरी काय फरक पडतो," ती म्हणाली. "घरी कुठे टोकन टाकायचंय."

निघताना मी तिला दारात विचारलं, "उद्या काय करू?"

"मी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं तेच."

"ते तूच बंद होऊ दिलंस."

"हो," ती म्हणाली. "म्हणून तर तुला सांगू शकते."

घरी येऊन अंग घासघासून धुतलं तरी तो वास केसांत राहिला. सासूबाईंनी दारातच नाक मुरडलं आणि पिल्लू न देता आधी टॉवेल दिला.

सकाळी वासाच्या खोलीत सगळे आपापल्या खणात शिरण्याआधी मी मधोमध उभी राहिले. मला असं उभं राहायची सवय नाही. म्हटलं, "कालचं काळं माझं होतं. त्या बॅचला ओल्या पुठ्ठ्याचा वास आहे, मागे खवट. गाड्या निघायच्या आधी सगळ्यांनी परत घ्या, आणि टोकन टाकून झालं की तोंडाने सांगा. पहिल्यासारखं."

अत्तर आलं, मागून साहेब आले. "टोकन गुप्त असतं बाई. नियम आहे."

"दुसऱ्याचं. माझं मी सांगतेय. आणि साहेब, तुम्ही दाराबाहेर थांबा. तुमच्या अत्तरात आम्हाला काही लागत नाही."

कुणीतरी फसकन हसलं. चष्मेवालाच असावा. साहेबांचा चेहरा लाल दिव्यातही लाल दिसला. "काल विचारलं तेव्हा केबिनमध्ये का नाही सांगितलंत?"

"केबिनला नाक नाही," मी म्हटलं. हे मी ठरवून आले नव्हते.

नमुना पुन्हा आला. मी खणात जाऊन माझं नाक दोन्ही हातांनी झाकून बसले, पत्र्यात कुणाला काही दिसू नये म्हणून. बाहेर आल्यावर चष्मेवाला म्हणाला, मला काही लागत नाही, खोटं कशाला बोलू. त्याच्या पुढच्यालाही नाही. तिसऱ्याने खांदे उडवले. वेणीने खणात वाकून आपला कप पुन्हा हुंगला. मग म्हणाली, "आहे. कालही होता. मला वाटलं माझाच कप नीट धुतला नाहीये. नवी आहे ना मी. कुणी बोलत नव्हतं, म्हणून पांढरं टाकलं."

दोन काळी. या वेळी खरोखरची दोन. बॅच थांबली.

इथे टाळ्या वाजल्या असं लिहायला मला आवडलं असतं. वरच्या अहवालात अत्तरसाहेबांनी लिहिलं, 'विभागाच्या दक्षतेमुळे', आणि विभाग म्हणजे कोण ते मालकांना ठाऊकच आहे, ढाल त्याच्याच कपाटात आहे. मला शिस्तीबद्दल समज मिळाली. खोलीच्या दारावर एक पाटी आली, 'आत बोलण्यास मनाई.' आम्ही टोकन टाकून झालं की बोलतो. पाटी मुकाट्याने ऐकते. वेणी आता सगळ्यांच्या आधी सांगते, आणि मी कधीच 'तसंच' म्हणत नाही. किळस गेलेली नाही. लिफ्टमध्ये ते अत्तर असलं की मी आजही जिन्याने जाते. पण आता घरी आल्यावर मी सांगते तरी, "आज मी एक बॅच थांबवली," आणि सासूबाई म्हणतात, "कुठल्या वासाची?" विचारायला लागल्यात त्या.

आत्याचं नाक कधी गेलं होतं हे कारखान्यात अजून मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला हवं का, हे ठरत नाही. तिच्याकडे मात्र जाते. रागही घेऊन जाते, पिशवीही. फ्रिज उघडते, दूध हुंगते, शेगडीची बटणं बघते. ती माझ्या नाकपुडीकडे बघत बसते आणि सुरकुती पडली की स्वतःच उठून ते भांडं मोरीत ओतते. आता मी चेहरा लपवत नाही.

पण मी फक्त एकीकडेच जाऊ शकते. तुमच्या जिन्यात, तुमच्या गल्लीत कुणी असेल, एकटं, नीटनेटकं, ज्याच्या दारातून हल्ली वास येतो आणि ज्याच्यासमोर तुम्ही खिडकी लावून घेता. त्यांना ते माहीत नसेल, असं एकदा धरून चाला. आज जा. काहीतरी निमित्त काढा, वाटीभर साखर मागा. आत गेलात की आधी शेगडीची बटणं बघा. मग दुधाचं पातेलं उघडून त्यांच्यासमोर मोठा श्वास घ्या, आणि जो वास येईल तो त्यांना तोंडाने सांगा.